पुळणीवर एक मीटरचा चौकोन : घराजवळच्या निसर्गात मुलांचे विज्ञान

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून तुम्ही गुहागर तालुक्यातल्या सासरच्या घरी कायमचे राहायला आला आहात. मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा सहा वर्षांचा आहे. समुद्र पायी पंधरा मिनिटांवर आहे आणि घरामागे सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार, आहे. मुलांना बाहेर नेऊन काही विज्ञान दाखवावे अशी तुमची इच्छा आहे, परंतु इंटरनेटवर सापडणारे उपक्रम बर्फाचे, लाल-पिवळ्या होणाऱ्या परदेशी पानांचे किंवा विकत आणाव्या लागणाऱ्या संचांचे असतात. तुमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे झाले आहे, आणि मुले दहा मिनिटांतच घरी चला म्हणून मागे लागतात. म्हणून तुम्ही सोप्या पंचवीस उपक्रमांची यादी मागितली आहे.

मी तेवीस वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात शाळेत विज्ञान शिकवले आणि त्या काळात जवळजवळ प्रत्येक रविवारी मुलांना घेऊन किनाऱ्यावर, खाडीवर किंवा सड्यावर गेलो. यादीने तुमची अडचण सुटेल असे मला वाटत नाही. यादीतला उपक्रम एकदा केला की संपतो, आणि त्याचे उत्तर मोठ्यांना आधीच ठाऊक असते हे मुलांना लगेच कळते. मुले कंटाळतात ती बहुधा तेवढ्यासाठीच. तुम्हाला हवी आहे ती एक ठरावीक जागा, जिथे पुन्हा पुन्हा जाता येईल. मोजून उत्तर मिळेल असा एक लहानसा प्रश्न. आणि एक वही. मुलांच्या हातून खरे निरीक्षण घडले, असे मी जेव्हा जेव्हा पाहिले, तेव्हा या तीनच गोष्टी तिथे होत्या.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्या गावाचा किनारा पुळणीचा, म्हणजे वाळूचा आहे, कातळाचा आहे की खाडीच्या मुखाशी चिखलाचा आहे, यावर काय दिसेल हे ठरते. हंगामावर तर सगळेच ठरते, कारण जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत मुलांना समुद्राकडे नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो काळ अंगणाचा आणि सड्याचा. तसेच दोन लहान मुलांबरोबर तुम्ही एकट्याच असाल, तर कातळावर जाऊ नये, पुळणीवरच थांबावे. घरातले दुसरे मोठे माणूस बरोबर असेल तेव्हा कातळाचा विचार करावा.

सुरुवात भरती-ओहोटीपासून करावी. पहिले कारण सुरक्षिततेचे आहे, आणि दुसरे असे की हे विज्ञान तुमच्या घरातल्या भिंतीवर, कालनिर्णयात, आधीच टांगलेले आहे. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, कारण पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्रही थोडा पुढे गेलेला असतो. आपल्या किनाऱ्यावरची जुनी माणसे यावरून एक सोपा हिशेब करतात : तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती, दशमीला साडेसात. त्यापुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि तितकेच तास आधीसुद्धा ओहोटी. हा हिशेब मला कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढणाऱ्या एका आजींनी कातळावर बसून शिकवला. त्यांच्या हातातली कोयती थांबली नव्हती आणि त्यांनी घड्याळ कधी वापरले नव्हते.

तुमच्या मुलीला हा हिशेब देऊन पाहावा. तिने तिथीवरून वेळ काढावी, मग प्रत्यक्ष जाऊन पाणी शेवटी कुठवर आले ते काठी रोवून पाहावे, आणि फरक किती मिनिटांचा पडला ते वहीत लिहावे. फरक पडणारच, कारण हा ठोकताळा आहे. जागेनुसार आणि वाऱ्यानुसार वेळ थोडी हलते. हा फरक चूक म्हणून खोडून टाकू देऊ नये, तो तसाच लिहावा. महिनाभराच्या नोंदी झाल्या की तुमच्या गावासाठी पाऊणपटीत किती मिनिटे मिळवायची किंवा वजा करायची, हे तिचे तिलाच कळेल, आणि ते तिने स्वतः शोधलेले असेल. प्रत्यक्ष जाण्यासाठी मात्र ठोकताळ्यावर विसंबू नये. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या वेळापत्रकावरून किंवा भ्रमणध्वनीवर मिळणाऱ्या वेळांवरून खात्री करून घ्यावी, आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेने उंच लाटांचा इशारा दिला असेल तर त्या दिवशी जाऊच नये.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी जितके वर चढते तितकेच खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो आणि पाणी फारसे हटत नाही. मुलांना घेऊन जाण्यास द्वितीया आणि तृतीया मला सर्वात सोयीच्या वाटतात. तेव्हा उधाणाचा जोर असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते साडेआठच्या सुमारास येते, म्हणजे ऊन तापण्याआधी काम होते.

इथे एक प्रसंग सांगणे मला आवश्यक वाटते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी अकरा मुलांना घेऊन एका कातळाच्या टोकावर गेलो होतो. आम्ही ओहोटी पूर्ण झाल्यावर पोहोचलो आणि डबक्यांत रमलो. समोरचे पाणी अजून दूर होते, पण आमच्या पाठीमागची घळ मात्र भरत आली होती, आणि ते आम्हाला दिसले नाही. गुडघाभर पाण्यातून एकेका मुलाला हाताला धरून मी अलीकडे आणले. कोणाला काही झाले नाही, परंतु ती पंधरा मिनिटे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझा नियम असा आहे की ओहोटी पूर्ण होण्याच्या एक तास आधी पोहोचायचे आणि पाणी फिरले की लगेच परतायचे, मग समोर कितीही सुंदर काही दिसत असले तरी.

आता पुळणीवर काय पाहावे, ते सांगतो. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर मोहरीपासून मिरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी तुम्ही पाहिली असेल. एका बारीक बिळाभोवती त्या गोळ्या किरणांसारख्या मांडलेल्या असतात. हे वाटाण्याएवढ्या खेकड्यांचे काम आहे. मुलांना बिळापासून तीन-चार हातांवर उकिडवे बसवावे आणि सावली बिळावर पडणार नाही अशी दिशा निवडावी. तीन-चार मिनिटे कोणी हलले नाही तर खेकडा बाहेर येतो. दोन्ही नांग्यांनी आळीपाळीने तो वाळू उचलून तोंडाशी नेतो, कणांना चिकटलेले सूक्ष्म शेवाळ आणि इतर सेंद्रिय अन्न तोंडातल्या अवयवांनी वेगळे काढतो, आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. म्हणजे मुले पाहत असतात ती त्याच्या जेवणाची उष्टी वाळू असते. बिळापासून थोडे सरकत, चाटून झालेल्या वाटेने माघारी येत, पुन्हा दुसऱ्या दिशेला तो हेच करतो, म्हणून नक्षी किरणांची होते.

इथे सहा वर्षांच्या मुलालाही खरे काम देता येते. पाच मिनिटांत नव्या गोळ्या किती झाल्या, ते त्याने मोजावे. मग तुमच्यापैकी एकाने उभे राहून सावली टाकावी आणि खेकडा बिळात गेल्यावर परत यायला किती वेळ घेतो, तो मुलीने घड्याळावर पाहावा. दुसऱ्या वेळी तो लवकर येतो का? दहाव्या वेळी? एका खेकड्यावरून काही ठरवता येत नाही, म्हणून आणखी चार बिळे पाहावीत. माझ्या एका विद्यार्थ्याने या खेळात सावलीऐवजी पाय आपटून पाहिला, आणि खेकडा डोळ्यांनी घाबरतो की वाळूच्या हादऱ्याने, हा प्रश्न त्याने स्वतः काढला. त्या मुलाला वर्गात मी कधी हात वर करताना पाहिले नव्हते. भरती आली की गोळ्या आणि बिळे सगळे सपाट होते आणि पुढच्या ओहोटीला पाटी कोरी मिळते, हीसुद्धा या उपक्रमाची मोठी सोय आहे.

दुसरा उपक्रम शिंपल्यांचा, आणि माझ्या मते तुमच्या मुलीच्या वयाला याहून चांगला उपक्रम आपल्या किनाऱ्यावर नाही. भरतीरेषेवर पडलेल्या लहान शिंपल्यांत काहींना अगदी गोल, जणू ड्रिलने पाडलेले भोक असते. मुले त्यात दोरा ओवून माळा करतात, पण ते भोक कोणी पाडले हे सहसा विचारत नाहीत. भिंगाखाली पाहिले तर भोकाची कड बाहेरून रुंद आणि आत निमुळती होत गेलेली दिसते. वाळूत राहणारी, गोल गुळगुळीत शंखाची एक मांसभक्षक गोगलगाय, जिला मून स्नेल म्हणतात, ती जिवंत तिसरी (खाण्यात येणारा एक शिंपला) किंवा तिच्यासारखा शिंपला आपल्या रुंद पायात गुंडाळून धरते, आम्लयुक्त स्राव सोडून कवच मऊ करते, दातेरी जिभेने ते खरवडते, आणि भोकातून आतले मांस खाते. त्यासाठी तिला अनेक तास लागतात. कातळावरच्या काही शंखांतले प्राणीही भोके पाडतात, पण त्यांच्या भोकांच्या कडा साधारणपणे सरळ असतात.

मुलांना आधी हे सांगू नये. आधी मोजू द्यावे. चार मीटर सुती दोरीची टोके बांधून चार काड्यांभोवती एक मीटरचा चौकोन भरतीरेषेवर आखावा आणि त्याच्या आतले सगळे शिंपले, फुटके वगळून, एका जुन्या पांढऱ्या ताटात गोळा करावेत. मुले सुंदर तेवढे वेचतील आणि बाकीचे टाकतील. तसे केले की हिशेब फसतो, हे त्यांना चौकोनाच्या आतले आणि बाहेरून निवडून आणलेले असे दोन ढीग करून दाखवता येते. नमुना कसा घ्यावा, हा महाविद्यालयात शिकवला जाणारा विषय नऊ वर्षांच्या मुलीला एका सकाळी समजतो.

समजा, शंभर शिंपल्यांत बारा भोकवाले निघाले. मग शंभरांत बारा जीव या गोगलगायीने खाल्ले, असे म्हणता येईल का? मुले लगेच हो म्हणतात. इथे थांबावे आणि दोन्ही झडपा, म्हणजे कवचाचे दोन्ही भाग, जोडलेला एखादा अख्खा शिंपला त्यांच्या हातात द्यावा. एका जिवाच्या झडपा दोन असतात आणि भोक बहुधा एकाच झडपेला असते. म्हणजे शंभर झडपा हे पन्नास जीव झाले, आणि पन्नासांत बारा म्हणजे शंभरांत चोवीस. हे उत्तर सापडते त्या क्षणी मुलांचा चेहरा पाहण्यासारखा असतो. एका चौथीतल्या मुलीने मला पुढे विचारले होते की भोक नेहमी बिजागरीच्या टोकाकडेच का असते. मी तिला उत्तर दिले नाही. प्रत्येक भोकाची जागा वहीत काढलेल्या एकाच मोठ्या शिंपल्यावर ठिपक्याने दाखव, एवढेच सांगितले. ठिपके साचत गेले तसे तिला दिसले की बहुतेक टोकाच्या आसपास आहेत पण सगळे नाहीत, आणि तिने मग वेगवेगळ्या जातींसाठी वेगळी पाने केली. मोजून झालेले शिंपले आणि शंख तिथेच परत ठेवावेत. रिकाम्या शंखांत शंखखेकडे घर करतात, आणि चांगले शंख आपण घरी नेले तर त्यांना नेमके तेच मिळत नाहीत.

कातळावरच्या डबक्यांबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण तिथे मोठ्या माणसाची नजर पाण्यावरच हवी. समुद्रफुले, बार्नेकल, कालवे, शंखखेकडे हे सारे हात न लावता दिसते. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत असेल तर त्याचा दंश विषारी असतो, म्हणून कोणताही शंख मुलांनी मुठीत धरू नये. किनाऱ्याला लागलेले जेलीफिश, निळ्या फुग्यांसारखे दिसणारे ब्लू बॉटल आणि समुद्रसाप मेलेले वाटले तरी त्यांना शिवू नये. कासवांची पिल्ले सोडण्याचा कार्यक्रम पाहायला वेळास किंवा आंजर्ल्याला हिवाळ्याच्या अखेरीस अवश्य न्यावे, पण तो पाहण्याचा सोहळा आहे. रोजच्या नोंदींची जागा तो घेऊ शकत नाही.

खाडी जवळ असेल तर तिवराचे एक पान खालच्या बाजूने भिंगातून पाहावे. खाऱ्या पाण्यात जगणारे हे झाड मुळांतून शक्य तेवढे मीठ अडवते आणि उरलेले पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते, त्याचे कण कोरड्या दिवशी स्पष्ट दिसतात. पान तोडू नये, झाडावरच पाहावे.

आता पावसाळा. बहुतेक पालक या चार महिन्यांत वही मिटतात, आणि माझ्या मते नेमके तेव्हाच तुमचे अंगण सर्वात जास्त शिकवू शकते. सरळ बाजूंची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, वरचा भाग कापून तो उलटा, नरसाळ्यासारखा त्याच बाटलीत बसवावा. तळाशी गोटे टाकून, जिथून बाजू सरळ होतात तिथपर्यंत पाणी भरावे आणि तिथे शून्याची खूण करून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. माडाखाली किंवा पागोळ्यांखाली न ठेवता ती उघड्या खळ्यात ठेवावी आणि रोज सकाळी साडेआठला वाचावी, कारण हवामान विभागही चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतो आणि मग तुमचा आकडा रत्नागिरीच्या आकड्याशेजारी लिहिता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. खळ्याची लांबी-रुंदी मोजून काल त्यात किती हंडे पाणी पडले, ते मुलगी काढू शकेल. मुसळधार दिवशी बाटली दुपारीही वाचून रिकामी करावी लागते.

याच्या जोडीला चिऱ्याचा प्रयोग करावा. कोरड्या जांभ्याचा एक तुकडा आणि साधारण तेवढाच काळा दगड स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा, रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी पुसून पुन्हा तोलावा. काळ्या दगडाचे वजन जवळजवळ तेवढेच राहते, जांभ्याचे वाढते. मग तिसरी नोंद विहिरीची : दर पंधरा दिवसांनी दोरीला दगड बांधून काठापासून पाणी किती हातांवर आहे ते मोजावे. हे काम मोठ्यांनीच करावे आणि मुलांनी दूर उभे राहून आकडा लिहून घ्यावा. जूनमध्ये सुरू केलेल्या या तीन नोंदी पुढच्या मेमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या की, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात उन्हाळ्यात कितीतरी वाड्यांना टँकर का लागतो, या प्रश्नाशी मुलगी स्वतःच्या आकड्यांनी येऊन पोहोचते. सच्छिद्र जांभा पाणी पितो तसे सोडूनही देतो, आणि सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचा उतार तीव्र व अंतर थोडे असल्यामुळे ते पाणी फार काळ थांबत नाही. हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण ही मुले उद्या याच गावात विहीर खणायची की सड्यावर पाणी अडवायचे ते ठरवणार आहेत.

सड्यावर जुलैनंतर साचलेल्या डबक्यांत बेडकांची पिल्ले दिसतील. एकच डबके निवडून आठवड्याला दोनदा त्याची खोली काडीने मोजावी आणि पिल्लांना मागचे पाय केव्हा फुटले, पुढचे केव्हा, ते लिहावे. उघडीप लांबली तर पाणी आधी संपते की पाय आधी येतात, ही शर्यत मुले श्वास रोखून पाहतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीही सड्यावर मिळतात. त्या उपटू नयेत. परंतु सड्यावर आणि गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ) एक नियम कडक पाळावा. जांभ्याच्या दगडांखाली फुरसे (एक विषारी साप) असते, आणि ते लहान व मातीच्या रंगाचे असल्याने दिसत नाही. कोणत्याही दगडाखाली किंवा भोकात हात घालायचा नाही, पायांत बंद बूट हवेत आणि अंधार पडण्याआधी परतायचे. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू देऊ नये, कारण पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो.

तुम्हाला विज्ञान येत नाही, ही चिंता मला सर्वात कमी वाटते. नाव माहीत नसेल तर मुलांना स्वतःचे नाव ठेवू द्यावे, चित्र काढून ठेवावे आणि नंतर गावातल्या कोणाला विचारावे. कालवे काढणाऱ्या काकू, रापण ओढणारे काका, आगरात काम करणारे आजोबा यांच्याकडे नावे आणि सवयी दोन्ही मिळतात. शिवाय हिशेब आणि नोंदवही तर तुमच्याच विषयातली आहे. तारीख, आकडा, एकूण आणि फरक कसा मांडावा हे तुम्ही बहुतेक विज्ञान शिक्षकांपेक्षा नेटके दाखवाल.

दहा मिनिटांत कंटाळणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाबद्दल एवढेच सांगतो की दहा मिनिटे त्याच्या वयाला ठीक आहेत. दोन तासांच्या एका सहलीपेक्षा आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे त्याच जागी जावे. दोरीचे टोक धरणे, ताट सांभाळणे आणि वीसपर्यंत मोजणे ही कामे त्याची, लिहिणे आणि घड्याळ ताईचे, आणि मोजणी चुकली असे वाटले तर दोघांनी जागा बदलून पुन्हा मोजायचे. वहीत शाई वापरू नये, खाऱ्या दमट हवेत ती पसरते, पेन्सिल वापरावी. येत्या द्वितीयेला सकाळी भिंग, दोरी, ताट आणि वही एवढेच घेऊन निघावे, आणि पहिल्या पानावर तारीख, तिथी, वेळ, पाणी चढते आहे की उतरते आहे, आणि त्या दिवशी दोघांपैकी कोणीही विचारलेला एक प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहावा. नोंदी लिहून दोन-तीन आठवडे झाले आणि कुठे अडले, तर आकड्यांसकट इथे लिहा, मी पाहून उत्तर देईन.